यंत्र उघडून पाहण्याची जागा

राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय उभारण्याचा विचार कोणत्याही देशात पुढे आला की सर्वांत आधी इमारतीचे चित्र प्रसिद्ध होते. काचेचा उंच दर्शनी भाग, आत छताला टांगलेले विमान किंवा अग्निबाण आणि मान वर करून त्याकडे पाहणारी मुले असे ते चित्र असते. त्याखालच्या निवेदनात या संग्रहालयामुळे तंत्रज्ञानाला आणि नवनिर्मितीला चालना मिळेल, असे हमखास लिहिलेले असते. पण ही चालना नेमकी कोणत्या वाटेने मिळते, याविषयी सहसा एक वाक्यही नसते. मी आयुष्याचा बराच काळ यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात घालवला आहे आणि विज्ञान संग्रहालये मला मनापासून प्रिय आहेत. त्यामुळेच हा प्रश्न मला टाळता येत नाही. संग्रहालयातल्या वस्तूमधून नवे तंत्रज्ञान कधी खरोखर निघाले आहे का, आणि निघाले असेल तर ते कोणत्या परिस्थितीत?

या प्रश्नाचे मला सर्वाधिक पटलेले उत्तर ग्लासगो विद्यापीठात आहे. तेथील हंटेरियन संग्रहालयात टॉमस न्यूकोमेन या इंग्रज यंत्रकाराच्या वाफेच्या इंजिनाचे एक लहानसे मॉडेल जपून ठेवले आहे. ते वर्गात विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी घेतलेले होते, त्यामुळे कोणाचे पाणी उपसण्याची किंवा पैसे मिळवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर कधीच नव्हती. ते नीट चालत नसे. दुरुस्तीसाठी ते लंडनच्या एका उपकरणकाराकडे गेले, तेथून परत आणले गेले आणि १७६३च्या हिवाळ्यात विद्यापीठासाठी उपकरणे बनवणाऱ्या जेम्स वॉटच्या हाती आले. वॉटने ते चालू केले, परंतु काही फेऱ्या झाल्या की बॉयलरमधली वाफ संपून ते थांबे. मोठी इंजिने खाणींतले पाणी रात्रंदिवस उपसत होती आणि त्यांचीच हुबेहूब लहान प्रतिकृती मात्र धापा टाकत होती.

वॉटच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने बॉयलर थोडा मोठा केला असता आणि मॉडेल परत देऊन टाकले असते. वॉटने वाफ मोजली. न्यूकोमेनच्या इंजिनात वाफ सिलिंडरमध्ये भरली जाई, मग त्याच सिलिंडरमध्ये थंड पाण्याचा फवारा सोडून तिचे पाणी केले जाई आणि आत निर्माण झालेल्या पोकळीमुळे बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्या खाली ढकलत असे. याचा अर्थ असा की प्रत्येक फेरीला सिलिंडरच्या भिंती एकदा तापत आणि एकदा थंड होत. वाफेचा मोठा हिस्सा दट्ट्या हलवण्याऐवजी धातू पुन्हा तापवण्यातच खर्ची पडत होता. हा दोष मोठ्या इंजिनातही होताच, पण आकार लहान झाला की घनफळाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो, आणि म्हणून मोठ्या इंजिनात खपून गेलेला दोष लहान मॉडेलमध्ये उघडा पडला. १७६५मध्ये वॉटला तोड सुचली. सिलिंडर कायम गरम ठेवायचा आणि वाफ थंड करण्याचे काम वेगळ्या कंडेन्सरमध्ये करायचे. १७६९मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि पुढे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे.

ही कथा मी वर्गात अनेकदा सांगितली आहे, आणि दरवेळी त्यातला एकच भाग मला अधिकाधिक महत्त्वाचा वाटत गेला. त्या मॉडेलने ते बनवणाऱ्याच्या मनात नसलेली गोष्ट करून दाखवली. हे घडू शकले, कारण ते खरे यंत्र होते. त्यात खरी वाफ होती, खरे पितळ होते आणि ते खरोखर बिघडू शकत होते. ते उघडण्याची परवानगी असलेला माणूस जवळ होता, त्याच्याकडे अवजारे होती आणि त्याला घाई नव्हती. आज अनेक दालनांत वाफेचे इंजिन स्पर्शपडद्यावर दाखवले जाते. चित्र सुरेख असते आणि दट्ट्या अगदी डौलाने वरखाली होतो. पण पडद्यावरच्या इंजिनाला आज्ञावली लिहिणाऱ्याच्या ज्ञानापलीकडे काहीही करता येत नाही. ते वॉटला काहीच शिकवू शकले नसते. पडद्यांना माझा सरसकट विरोध नाही, कारण अणूच्या आत किंवा दीर्घिकेच्या पलीकडे हात घालता येत नाही आणि तेथे चित्रच लागते. मात्र जे यंत्र खरे ठेवता येते, ते चित्रात बसवून टाकणे मला नुकसानीचे वाटते.

संग्रहालय ही शिकण्याची आणि शिकून पुढे जाण्याची जागा असावी, हा विचार नवा नाही. फ्रान्समध्ये क्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, आबे हेन्री ग्रेग्वार या धर्मगुरूंच्या पुढाकाराने पॅरिसला कला आणि हस्तव्यवसायांच्या यंत्रांसाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ‘कॉन्झर्व्हातवार’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिचे संग्रहालय आजही एका जुन्या मठाच्या वास्तूत आहे. त्या वेळच्या कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. संस्थेत तीन निदर्शक आणि एक आरेखक असावा, असे त्यात नमूद होते. निदर्शकाने यंत्र कसे बांधले आहे आणि ते कसे चालवायचे हे समोरच्या कारागिराला समजावून सांगायचे, आणि आरेखकाने यंत्रांची रेखाटने करायची. वस्तू काय आहेत आणि त्या कोठे ठेवायच्या याच्या बरोबरीने त्या समजावून देणारी माणसे किती, हे त्या कायद्याने ठरवून टाकले होते. सव्वादोनशे वर्षांनंतरच्या कित्येक प्रकल्प अहवालांत मला हा आकडा शोधूनही सापडत नाही.

या संस्थेने आपले मोल फार लवकर सिद्ध केले. अठराव्या शतकात जाक द व्होकान्सों या यंत्रकाराने नक्षीचे कापड आपोआप विणणारा एक माग बनवला होता. तो व्यवहारात रुळला नाही आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या इतर यंत्रांबरोबर या संग्रहात येऊन पडला. लियोंचा जोसेफ मारी जकार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसला आला, तेव्हा तो माग त्याला तेथे पाहायला मिळाला. व्होकान्सोंने नक्षीचा क्रम छिद्रे असलेल्या दंडगोलावर बसवला होता. दंडगोलाचा घेर संपला की नक्षीही संपे. जकारने त्याला छिद्रित पत्त्यांच्या साखळीची जोड दिली. अशी साखळी हवी तितकी लांब करता येते. पत्ते त्याच्याही आधी लियोंच्याच विणकरांनी वापरून पाहिले होते. त्याने दोन अपुऱ्या युक्त्या एकत्र आणल्या आणि १८०४च्या सुमारास त्याचा माग तयार झाला. पुढे तशाच मागावर, सुमारे २४,००० पत्ते वापरून, खुद्द जकारचे रेशमी चित्र विणले गेले. त्याची एक प्रत लंडनमध्ये गणितयंत्रे आखणाऱ्या चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाकडे होती. आपल्या नियोजित विश्लेषक यंत्राला आज्ञा देण्यासाठी बॅबेजने छिद्रित पत्तेच निवडले. रुळू न शकलेला एक माग कोणी मोडीत काढला नाही, तो पाहण्याची मुभा दिली, आणि तेथून संगणकाच्या पूर्वजापर्यंत जाणारी एक वाट मोकळी राहिली.

व्होकान्सोंचा माग अयशस्वी होता, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे असे मला वाटते. आजच्या संग्रहालय समित्या विजेत्यांची यादी करायला बसतात. कोणता शोध पहिला, कोणते यंत्र सर्वांत वेगवान, कोणत्या शास्त्रज्ञाचा पुतळा कोठे उभारायचा, यावर चर्चा होते. ज्याला स्वतः काही नवे घडवायचे आहे अशा तरुणाला मात्र अर्धवट राहिलेल्या यंत्रापासून फार काही मिळते, कारण तेथे काम शिल्लक असते.

बॅबेजचे पहिले गणितयंत्र हे याचे ठळक उदाहरण आहे. ब्रिटिश सरकारने त्यावर १७,००० पौंडांहून अधिक रक्कम खर्च केली, अनेक वर्षे गेली आणि यंत्र पूर्ण झाले नाही. जमाखर्चाच्या वहीत हा निखळ तोटा दिसतो. पण ते यंत्र जोसेफ क्लेमेंटच्या कारखान्यात घडवले जात होते आणि एकसारखे शेकडो सुटे भाग बिनचूक कातण्याची गरज त्या कारखान्याला नव्या अवजारांकडे आणि नव्या शिस्तीकडे घेऊन गेली. तेथे काम केलेल्या कारागिरांपैकी एक जोसेफ व्हिटवर्थ. १८४१मध्ये स्क्रूच्या आट्यांचे एकसमान प्रमाण त्यानेच सुचवले. आट्यांचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक व्यासाला आट्यांची ठरलेली संख्या, अशी ती साधी व्यवस्था होती. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत, एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. ज्या संग्रहालयात बॅबेजच्या यंत्राचा अपुरा तुकडा आणि व्हिटवर्थचे आटे शेजारीशेजारी मांडलेले असतील, तेथे तंत्रज्ञान कसे पुढे सरकते हे कोणत्याही भाषणाशिवाय समजेल.

याच बॅबेजच्या दुसऱ्या गणितयंत्राची कथा तर संग्रहालयातच पूर्ण झाली. १८४७ ते १८४९ या काळात त्याने त्याची रेखाचित्रे काढली होती, पण यंत्र बांधले गेले नव्हते. त्या काळच्या कारागिरीला इतके बारीक काम झेपलेच नसते, असे पुष्कळांचे मत होते. लंडनच्या सायन्स म्युझियमने ते बांधून पाहायचे ठरवले. आधुनिक यंत्रांवर भाग कातले तरी त्यांतली अचूकता बॅबेजच्या काळात साधता आली असती तेवढीच ठेवायची, हे पथ्य पाळले गेले. रेखाचित्रांतल्या काही चुका बांधताना उघडकीस आल्या आणि दुरुस्त करण्यात आल्या. १९९१मध्ये, बॅबेजच्या जन्माला दोनशे वर्षे होत असताना, सुमारे ४,००० भागांचा आणि २.६ टन वजनाचा गणनविभाग बिनचूक चालला. छपाईचा विभाग २००२मध्ये पूर्ण झाला. एका ऐतिहासिक वादाचा निकाल संग्रहालयाने लेथवर लावला. यासाठी त्या संस्थेत अभ्यासक होते, अभियंते होते आणि बाहेरच्या कारखान्यांकडून काम करून घेण्याची कुवत होती. ही कुवत इमारतीच्या चित्रात दिसत नाही.

संग्रहालय स्वतः गिऱ्हाईक होऊन नवे तंत्रज्ञान जन्माला घालू शकते, याचेही एक उदाहरण आहे आणि ते मला सर्वांत आनंददायक वाटते. म्युनिकच्या डॉइशेस म्युझियमचा संस्थापक ऑस्कर फॉन मिलर हा विद्युत अभियंता होता. १८९१मध्ये लाउफेनपासून फ्रांकफुर्टपर्यंत सुमारे १७५ किलोमीटर अंतरावर वीज वाहून नेऊन दाखवण्याच्या प्रयोगामागे तोच होता. १९०३मध्ये त्याने संग्रहालयाची स्थापना केली. खटका दाबला की चालणारी मॉडेले, हाताने फिरवायच्या कळी, पोट कापून आतली रचना दाखवणारी इंजिने या गोष्टी त्याने तेथे आग्रहाने आणल्या. त्याला आकाशही दाखवायचे होते, आणि तेही प्रेक्षक आत बसून पाहतील असे. त्याने येनाच्या त्साइस कंपनीकडे मागणी नोंदवली. प्रथम कल्पना होती ती एका मोठ्या पोकळ गोलाला छिद्रे पाडून तो गोलच फिरवण्याची. वाल्टर बाउअर्सफेल्ड या अभियंत्याने ती उलटवली: गोल स्थिर ठेवायचा, त्याच्या आतून पांढऱ्याशुभ्र घुमटावर ताऱ्यांच्या प्रतिमा टाकायच्या आणि फिरवायचा तो फक्त प्रक्षेपक. १९२३च्या ऑक्टोबरात सुमारे ४,५०० तारे दाखवणारा तारांगणाचा पहिला प्रक्षेपक म्युनिकमध्ये चालवून दाखवण्यात आला.

गोष्ट येथे संपत नाही. प्रक्षेपकाची चाचणी घेण्यासाठी येनामध्ये अर्धगोल घुमट हवा होता. बाउअर्सफेल्डने लोखंडी कांबींच्या त्रिकोणांची एक हलकी जाळी रचली आणि तिच्यावर काँक्रीटचा पातळ थर चढवण्यात आला. बांधकाम कंपनीच्या मदतीने त्यातून पातळ कवचाच्या काँक्रीट बांधणीचे तंत्र विकसित झाले आणि पुढे मोठी सभागृहे, बाजारगृहे त्या पद्धतीने छावली गेली. संग्रहालयाने आकाश मागितले आणि स्थापत्यशास्त्राला नवे छप्पर मिळाले. मिलरने बाजारात तयार मिळणाऱ्या वस्तूंची यादी करून निविदा काढली असती, तर यांतले काहीच घडले नसते. नव्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या अंदाजपत्रकात अद्याप अस्तित्वात नसलेल्या वस्तू बनवून घेण्यासाठी रक्कम राखून ठेवली पाहिजे, आणि तिच्यातला काही भाग फुकट जाईल हेही आधीच मान्य केले पाहिजे, असे मी म्हणते ते यासाठी.

मग संग्रहालय ‘राष्ट्रीय’ म्हणजे काय? वाफेच्या इंजिनाचीच वंशावळ पाहिली, तर मागदेबुर्गच्या ओटो फॉन गेरिकेने हवेच्या दाबाची ताकद दाखवली, फ्रान्समध्ये जन्मलेल्या देनी पापँने सिलिंडर आणि दट्ट्याचे मॉडेल केले, इंग्लंडच्या न्यूकोमेनने १७१२मध्ये खाणीवर चालणारे इंजिन उभारले आणि स्कॉटलंडच्या वॉटने ते सुधारले. एकाच देशाच्या दालनात ही कथा पुरी होत नाही. संग्रहालय राष्ट्रीय असावे ते जबाबदारीच्या अर्थाने: देशात जे घडवले गेले ते जपण्याची, जे बाहेर घडले ते समजावून घेण्याची आणि दूरच्या गावातल्या मुलापर्यंत पोहोचण्याची जबाबदारी कोणा एकाने तरी कायमची घेतलेली असावी. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाने १९५९मध्ये सुरू झाल्यावर काही वर्षांतच, १९६५मध्ये, प्रयोगवस्तूंनी भरलेली बस गावोगाव पाठवायला सुरुवात केली, ती याच जाणिवेतून. राजधानीतल्या एका इमारतीपर्यंत सगळा देश चालत येईल, अशी अपेक्षा त्या लोकांनी ठेवली नाही.

मी शिकवत असताना विद्यार्थी मोटारीच्या डिफरन्शियलची, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दंतचक्रांच्या जोडणीची, आकृती परीक्षेत अचूक काढत. दंतचक्रांची नावे, वेगांचे समीकरण, सगळे बरोबर असे. एकदा एका जुन्या गाडीचा उघडा डिफरन्शियल आम्ही टेबलावर ठेवला. मधले मोठे चक्र घट्ट धरून एका बाजूचा दांडा पुढे फिरवला की दुसऱ्या बाजूचा दांडा उलट फिरतो. समीकरणातून हे सरळ निघते. तरीही वर्गातल्या बहुतेकांनी तो दांडा पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला, आणि त्यानंतर जे प्रश्न आले ते त्याआधीच्या संपूर्ण सत्रात आले नव्हते. एकीने विचारले की एक चाक चिखलात रुतून गरगर फिरत असेल तर दुसरे जागचे हलणारच नाही, मग गाडी बाहेर कशी काढायची. अभियंत्यांनी ज्या प्रश्नापायी दोन्ही चाकांना एकत्र जखडता येणारा डिफरन्शियल शोधला, तो हाच. हातात यंत्र आले आणि ती मुलगी अभियंत्यांच्या प्रश्नापाशी स्वतःच्या पायांनी पोहोचली.

हे सर्व करायचे तर वस्तू मोडणार हे गृहीत धरावे लागते. एका मोठ्या संग्रहालयात मी एकदा दालनामागून दालन फिरत होते आणि निम्म्याहून अधिक यंत्रांवर ‘बंद आहे’ अशा पाट्या होत्या. इमारत मात्र लखलखीत होती. तेथील एका कर्मचाऱ्याने अत्यंत अदबीने सांगितले की सुटे भाग मागवले आहेत. त्याचा काहीच दोष नव्हता. यंत्रे बाहेरच्या पुरवठादाराने बसवून दिलेली होती, करार संपला होता आणि ती दुरुस्त करू शकेल असा एकही माणूस संस्थेच्या सेवेत नव्हता. हजारो हात ज्या कळीवरून फिरतात ती कळ झिजतेच. झिजणे हे तिच्या उपयुक्ततेचेच लक्षण आहे. उभारणीसाठी एकदाच मोठी रक्कम मिळते आणि देखभालीसाठी दरवर्षी थोडी थोडी मागावी लागते, ही व्यवस्था मुळातून बदलल्याखेरीज कोणतेही संग्रहालय दहा वर्षांनंतर जिवंत राहणार नाही.

फ्रँक ओपेनहायमरने याचे उत्तर शोधले होते. तो भौतिकशास्त्रज्ञ, अणुबाँब प्रकल्पातल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचा संचालक रॉबर्ट ओपेनहायमरचा धाकटा भाऊ. राजकीय कारणांवरून १९४९मध्ये त्याला विद्यापीठातली नोकरी सोडावी लागली, काही वर्षे त्याने कोलोरॅडोत गुरे पाळली, मग गावच्या शाळेत विज्ञान शिकवले आणि १९६९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम सुरू केले. तेथे कार्यशाळा तळघरात लपवलेली नव्हती. आत शिरणाऱ्या माणसाला लेथ, कानशी, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि अर्धवट बांधलेली प्रयोगवस्तू दिसत असे. वस्तू तेथेच बनत, प्रेक्षकांसमोर मांडल्या जात, प्रेक्षक त्यांचा भलताच उपयोग करीत, आणि मग त्या पुन्हा कार्यशाळेत जाऊन सुधारून येत. शिवाय या वस्तू कशा बनवायच्या याच्या सविस्तर कृती त्या संस्थेने छापून इतरांना खुल्या केल्या, आणि जगभरच्या विज्ञान केंद्रांनी त्यांवरून आपापल्या वस्तू बनवल्या. जी संस्था स्वतःची यंत्रे स्वतः बनवते तिला ती दुरुस्तही करता येतात.

आता राहिला साठ्याचा प्रश्न, आणि माझ्या मते नवनिर्मितीच्या दृष्टीने तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. कोणत्याही मोठ्या संग्रहालयात दालनांत मांडलेल्या वस्तू संग्रहाचा अगदी लहान भाग असतात. बाकी सारे भांडारात असते. हे भांडार अडगळ मानले गेले तर काय गमावतो, हे अमेरिकेच्या एका अग्निबाण इंजिनावरून कळते. सॅटर्न ५ या महाकाय अग्निबाणाला पहिल्या टप्प्यात पाच एफ-१ इंजिने होती. त्यांतले एफ-६०४९ या क्रमांकाचे इंजिन अपोलो ११साठी होते, पण चाचणीतल्या दोषामुळे ते वापरले गेले नाही आणि पुढे स्मिथसोनियन संस्थेत जाऊन विसावले. चार दशकांनंतर नासाच्या तरुण अभियंत्यांना मोठ्या ताकदीचे इंजिन पुन्हा समजून घ्यायचे होते. कागदपत्रे उपलब्ध होती, तरीही ती पुरेशी नव्हती, कारण ती इंजिने जवळजवळ हाताने घडवलेली होती आणि जोडकाम करताना कारागिरांनी केलेल्या बारीकसारीक तडजोडी रेखाचित्रांत उतरलेल्या नव्हत्या. मग जतन करून ठेवलेली इंजिने उघडण्यात आली, त्यांच्या भागांची त्रिमितीय मापे घेण्यात आली, आणि जानेवारी २०१३मध्ये या एफ-६०४९चा, इंधनाचे पंप फिरवणारा, गॅस जनरेटर नासाच्या हंट्सव्हिल येथील केंद्रात पुन्हा पेटवण्यात आला. तो चालला.

रेखाचित्र, अहवाल आणि छायाचित्र यांत जे मावत नाही ते वस्तूत राहते. जोड कोठे दोनदा दिला आहे, कोणती कड कानशीने मागाहून घासली आहे, कोणत्या जागी दुसराच धातू वापरला आहे, हे वस्तू हातात घेतल्यावरच कळते. म्हणून भांडार हे संशोधकांसाठी आणि उद्योगांतल्या अभियंत्यांसाठी ग्रंथालयासारखे खुले असले पाहिजे. नाव नोंदवावे, कारण सांगावे, ठरलेल्या दिवशी वस्तू टेबलावर मिळावी आणि सोबत जाणकार माणूस असावा. काही वस्तू कधीच उघडता येणार नाहीत, कारण त्यांचा मूळ जोड एकदा सुटला की तो कायमचा गेला. जतन आणि वापर यांतला हा ताण खरा आहे, आणि कोणती वस्तू चालवायची, कोणती केवळ पाहू द्यायची, कोणत्या वस्तूची चालती प्रतिकृती करायची, हे संवर्धक आणि अभियंता यांनी एकत्र बसून प्रत्येक वस्तूपुरते ठरवावे लागते.

एकोणिसाव्या शतकात बेनेट वुडक्रॉफ्टने लंडनला पेटंट कार्यालयाचे संग्रहालय उभे केले, त्यामागे मला आजही लागू पडणारे एक तत्त्व दिसते. पेटंट म्हणजे शोधकर्त्याने आपली युक्ती समाजाला उघड करून सांगायची आणि त्या बदल्यात समाजाने त्याला ठरावीक काळ एकाधिकार द्यायचा, असा करार आहे. पण उघड केलेली युक्ती कोणाला सापडतच नसेल तर समाजाच्या पदरात काय पडले? वुडक्रॉफ्टने १६१७ ते १८५२ या काळातल्या पेटंटांच्या सूच्या तयार केल्या, ती पेटंटे छापून घेतली, आणि स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ या रेल्वे इंजिनासारखी इंजिने मोडीत जाण्याआधी मिळवून ठेवली. तीच पुढे सायन्स म्युझियमच्या संग्रहाचा भाग झाली.

नव्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या कायद्यात हेच तत्त्व थोडे पुढे न्यावे, अशी माझी मागणी आहे. सार्वजनिक पैशातून जे तंत्रज्ञान विकसित होते, त्या प्रत्येक प्रकल्पाने एक नमुना संग्रहालयाच्या स्वाधीन करावा, आणि प्रकल्प फसला असेल तर तो नमुना विशेष आग्रहाने मागून घ्यावा. त्यासोबत रेखाचित्रे, आज्ञावलीची मूळ प्रत, चाचण्यांच्या नोंदवह्या आणि तो बांधणाऱ्या कारागिरांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती असाव्यात. गोपनीयतेची मुदत ठरवून द्यावी आणि ती संपताच सारे खुले करावे. इमारतीसाठी निधी कमी पडला तर पहिली दहा वर्षे साध्या शेडमध्ये काढता येतील. मिलरचा संग्रहही १९२५पर्यंत तात्पुरत्या जागांतच होता. मात्र पहिल्या दिवसापासून लेथ, संवर्धनाची प्रयोगशाळा, भांडाराची यादी आणि कायम नेमणुकीचे निदर्शक तेथे असले पाहिजेत, आणि त्या निदर्शकांची संख्या कायद्यातच लिहिलेली असली पाहिजे.